केविन संजयाला ‘महान’ म्हणायला माझी हरकत आहे

नेटमागचा (धागाकर्ता):

आमच्या हॉलवर रविवारी खेळ कमी आणि चहा जास्त होतो. गेल्या रविवारी चहावर विषय निघाला, बॅडमिंटनच्या पुरुष दुहेरीतला सगळ्यांत मोठा खेळाडू कोण? ग्रुपातली दोन कॉलेजची पोरं एका सुरात म्हणाली, केविन संजया सुकामुल्जो. मी हेंद्रा सेतियावानचं नाव घेतलं, तर ‘काका, तो स्लो होता’ म्हणून मलाच हसले. स्लो! चार वेळचा जगज्जेता स्लो! रिक्षानं घरी पोचेपर्यंत डोकं शांत झालं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केविन इंडोनेशियाचा, पूर्व जावातल्या बन्युवांगीचा, जन्म २ ऑगस्ट १९९५. उंची १७० सेंटिमीटर. जोडीदार मार्कुस फर्नाल्डी गिदोन चार वर्षांनी मोठा आणि उंचीला त्याच्याहूनही कमी, म्हणून दोघांना सगळे ‘मिनियन्स’ म्हणायचे. २०१५ पासून एकत्र. २०१७ मध्ये ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकून जागतिक क्रमवारीत पहिले झाले. त्या वर्षी सुपर सिरीज या वरच्या दर्जाच्या स्पर्धा-मालिकेची सात विजेतेपदं. २०१८ मध्ये तिच्या जागी आलेल्या वर्ल्ड टूरची आठ आणि वर एशियाडचं सुवर्ण. २०१९ मध्ये पुन्हा आठ. सप्टेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं, पहिला नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला नाही. आणि मे २०२४ मध्ये, वयाची एकोणतीस पूर्ण व्हायच्या आत, केविननं निवृत्ती जाहीर केली.

यादी भरगच्च आहे, मान्य. पण त्यात ऑलिंपिकचं पदक शोधून दाखवा. जागतिक स्पर्धेतलं सुवर्ण राहू द्या, कांस्य दाखवा. नाही! २०१७ ला आणि २०१८ ला नानजिंगमध्ये उपांत्यपूर्व फेरीत बाहेर, २०१९ ला बासेलमध्ये पहिल्याच सामन्यात कोरियाच्या चोई सोल-ग्यू आणि सिओ सुंग-जे यांच्याकडून हार. टोकियो ऑलिंपिकमध्ये मलेशियाच्या आरोन चिया आणि सो वुई यिक यांनी सरळ दोन गेममध्ये घरी पाठवलं, १४-२१, १७-२१.

शाळेत प्रत्येक वर्गात एक मुलगा असायचा, सहामाहीत पहिला, चाचणीत पैकीच्या पैकी आणि बोर्डात गचकायचा. हुशारीबद्दल कुणाला शंका नसायची, पण निकालाच्या दिवशी पेढे दुसऱ्याच्या घरी असायचे. केविन तो मुलगा आहे. उत्तम खेळाडू म्हणा, जादूगार म्हणा. महान नका म्हणू.

फ्लिकसर्व्ह:

हसणाऱ्या पोरांपैकी एक मीच, तेव्हा आधी सॉरी काका. ‘स्लो’ म्हणायला नको होतं.

बाकी मुद्दा सोडत नाही. २०१९ घ्या. तुमचे हेंद्रा आणि त्याचा जोडीदार अहसान त्या वर्षी फॉर्मात होते ना? इंडोनेशिया मास्टर्सची फायनल, इंडोनेशिया ओपनची फायनल, जपान ओपनची फायनल, चायना ओपनची फायनल, डेन्मार्क ओपनची फायनल. पाचही वेळा समोर केविन-मार्कुस, पाचही वेळा हेंद्रा-अहसान हरले. एका मोसमात एकाच जोडीला पाच अंतिम सामन्यांत हरवणं याला नशीब म्हणतात का?

तुमची बोर्डाची उपमा झकास आहे, पण चुकीची आहे. बोर्डाचा पेपर चाचणीपेक्षा अवघड असतो, पेपर काढणारे वेगळे, तपासणारे वेगळे. इथे जपान ओपनला ज्या बत्तीस जोड्या खेळतात त्यातलेच लोक जागतिक स्पर्धेत असतात. उलट ऑलिंपिकमध्ये एका देशाच्या दोनच जोड्या जातात, म्हणजे पेपर सोपा झाला. सोप्या पेपराला जास्त मार्क का द्यायचे?

सांगलीकर:

फ्लिकसर्व्ह, पेपर सोपा होता तर पास व्हायचं होतं की राव.

धागाकर्त्याला अनुमोदन. आता कुणीतरी ली चाँग वेईचं उदाहरण आणणार, म्हणून आधीच खोडून ठेवतो. त्याच्याकडेही ऑलिंपिक सुवर्ण नाही, पण तो तीन ऑलिंपिकच्या फायनलला पोचला. तीन रौप्यं आहेत. दारापर्यंत जाऊन दार न उघडणं वेगळं आणि गल्लीतच न शिरणं वेगळं.

नेटमागचा:

सांगलीकर, मनातलं बोललात.

फ्लिकसर्व्ह, २०१९ चं तूच काढलंस म्हणून पुढचं सांगतो. त्याच वर्षी ऑल इंग्लंड कुणी जिंकली? हेंद्रा-अहसान. केविन-मार्कुस गतविजेते होते, पहिल्या फेरीत गारद. जागतिक अजिंक्यपद कुणी जिंकलं? हेंद्रा-अहसान, आणि ज्या दिवशी जिंकलं तो हेंद्राचा पस्तिसावा वाढदिवस होता. वर्षअखेरची वर्ल्ड टूर फायनल्स? पुन्हा हेंद्रा-अहसान. पाच लढाया हरून युद्ध कसं जिंकतात ते तुझ्या ‘स्लो’ माणसानं दाखवलं. कोणत्या आठवड्यात शंभर टक्के द्यायचे हे ज्याला कळतं तो मोठा. बाकी सगळे मेहनती.

कधीकाळी जाकार्ता:

धागा वाचून राहवलं नाही. नोकरीनिमित्त काही वर्षं जाकार्तात होतो, आणि २०१८ च्या एशियाडची पुरुष दुहेरीची फायनल मी इस्तोरा स्टेडियममध्ये बसून पाहिली आहे. (तिकीट कसं मिळवलं ते विचारू नका. बायको अजून बोलते.)

दोन्ही जोड्या इंडोनेशियाच्या. एकीकडे केविन-मार्कुस, दुसरीकडे फजर अल्फियान आणि रियान अर्दियान्तो. इस्तोरात एरवी ‘इन-दो-ने-सिया’ आणि टाळ्यांचा ठेका असा असतो की छातीत धडधडतं. त्या दिवशी लोकांना ओरडायचं कुणासाठी तेच कळेना. पहिला गेम मिनियन्स १३-२१ नं हरले. दुसरा २१-१८. तिसरा २४-२२. शेवटच्या काही पॉइंटना माझ्या शेजारचा गृहस्थ डोळे झाकून बसला होता आणि बायकोला विचारत होता, काय झालं, काय झालं.

हे सांगायचं कारण, ‘मोठ्या दिवशी कच खातो’ हा आरोप. स्वतःच्या घरात, आपल्याच देशातल्या, रोज सरावाला समोर असणाऱ्या आणि आपली प्रत्येक खोड ठाऊक असलेल्या पोरांशी तिसऱ्या गेममध्ये २२-२२ वर उभं राहणं याहून मोठा दिवस कोणता असतो मला माहीत नाही. एशियाडच्या बॅडमिंटनमध्ये डेन्मार्क-इंग्लंड सोडले तर सगळं जग असतं हेही लक्षात घ्या.

आणखी एक. या मुलाचं घर बन्युवांगीत, म्हणजे जावाच्या पूर्व टोकाला, समोर बाली दिसतं. तिथून कुदुसला गेला तेव्हा बारा वर्षांचा होता. कुदुस हे मध्य जावातलं लवंगेच्या सिगारेटींचं गाव, आणि पीबी जारुम हा तिथला क्लब सिगारेट कंपनीचाच. २००६ च्या निवड चाचणीत त्याला घेतलं नाही, पुढच्या वर्षी पुन्हा गेला आणि लागला. आपल्याकडे कोल्हापूरला तालमीत पोर सोडतात तसं तिथे क्लबात सोडतात. जेवण, शाळा, झोप, खेळ सगळं तिथेच.

त्यांच्या भाषेत बॅडमिंटनला बुलु तांगकिस म्हणतात. बुलु म्हणजे पीस, तांगकिस म्हणजे परतवणं. आमच्या कॉलनीचा वॉचमन रात्री गेटच्या दिव्याखाली हेच खेळायचा, नेटऐवजी कपडे वाळत घालायची दोरी.

पुण्याची पोर:

@कधीकाळी जाकार्ता, मस्त लिहिलंत. थोडं विषयांतर, सिगारेट कंपनीनं लहान मुलांचा क्लब चालवायचा हे कुणाला खटकत नाही का तिकडे?

कधीकाळी जाकार्ता:

खटकतं ना. २०१९ मध्ये तिथल्या बालहक्क आयोगानं आक्षेप घेतला की निवड चाचणीत मुलांच्या छातीवर कंपनीचं नाव असतं, ही फुकटची जाहिरात आहे. क्लबनं चाचण्याच बंद करतो म्हणून जाहीर केलं. मग अख्खा देश आयोगावर तुटून पडला आणि शेवटी तडजोड झाली. मला विचाराल तर आयोगाचं बरोबर होतं, आणि तो क्लब नसता तर केविनही नसता, हेही बरोबर आहे. तिथे राहिलो तेवढी वर्षं या दोन गोष्टी माझ्या डोक्यात भांडत राहिल्या.

मधली रेघ:

सगळे पदकं मोजताहेत. मी जिल्हा पातळीवर पोरांना शिकवतो, म्हणून जरा खेळाबद्दल लिहितो. लांबेल.

केविनच्या आधी दुहेरीचं साधारण गणित असं शिकवलं जायचं: समोरच्याला फूल (शटल) वर उचलायला लावा, मागच्यानं कडकडून स्मॅश मारा, पुढच्यानं नेटवर आलेलं संपवा. यात उंच माणसाचा फायदा. २०१७ च्या ऑल इंग्लंड फायनलला समोर चीनचे ली जुनहुई आणि लिऊ युचेन होते, दोघंही १९० सेंटिमीटरच्या वर. त्यांना एकदा वरून मारायला मिळालं की खेळ संपला. मिनियन्सनी ते होऊच दिलं नाही. २१-१९, २१-१४.

कसं होऊ दिलं नाही? फूल वर उचलायचंच नाही, हा हट्ट. स्मॅश आला तर मागे सरकून उंच टोलवायचा ही आपली जन्मजात सवय असते. केविन स्मॅशला पुढे जायचा. फूल जमिनीकडे यायच्या आत, शरीरासमोर, रॅकेट अगदी थोडी हलवून सपाट परत. आता मारणारा अजून उडी मारून खाली येतोय आणि फूल त्याच्या छातीवर. म्हणजे बचाव करणारा एका फटक्यात हल्ला करणारा झाला. हे एखाद्या वेळी सगळेच करतात. हा माणूस हे दर रॅलीत करायचा.

दुसरं, सर्व्हिसनंतरचं अर्धं सेकंद. आखूड सर्व्हिस केल्यावर समोरचा तीनच गोष्टी करू शकतो: नेटवर टाकेल, अर्ध्या कोर्टात ढकलेल किंवा उचलेल. बाकीचे सर्व्हर यातलं काय येतंय ते बघून हलतात. केविन समोरच्याच्या मनगटाकडे बघून आधीच हललेला असायचा, रॅकेट नेटच्या टेपच्या वर. त्यामुळे चांगले चांगले रिसीव्हर नेटवर टाकायलाच घाबरायचे, आणि मग उचलायचे, आणि मागे मार्कुस वाट बघत असायचा. मार्च २०१८ पासून सर्व्हिसची उंची सगळ्यांना सरसकट १.१५ मीटर केली तेव्हा उंच खेळाडूंनी बरीच कुरकुर केली. या बुटक्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्याच महिन्यात दुसरी ऑल इंग्लंड जिंकले.

माझ्याकडे बारा-तेरा वर्षांची पोरं येतात. त्यांना हेंद्राचं नाव सांगावं लागतं, केविनसारखं नेटवर उभं राहायला कुणी शिकवत नाही, ती तशीच उभी राहतात. (आणि पाठीमागून रॅकेट फिरवून मारायला जातात आणि फूल स्वतःच्याच पायावर पाडतात. त्याबद्दल केविनला मी कधी माफ करणार नाही.) आज दुहेरीचे सामने बघा, सगळेच पुढे घुसून सपाट खेळतात. खेळ खेळायची पद्धत ज्यानं बदलली त्याला कांस्यपदक नाही म्हणून खाली बसवायचं?

सांगलीकर:

साहेब, तांत्रिक भाग वाचून ज्ञानात भर पडली, खरंच. पण पद्धत बदलणं आणि महान असणं यात अंतर आहे. आणि त्या पद्धतीतच खोट होती असं मला वाटतं. जपानच्या एंदो-वातानाबेनी तिला उत्तर शोधलं होतं. कितीही मारा, ते परत करायचे, न चिडता. २०२० ची ऑल इंग्लंड फायनल तशीच गेली, तिसऱ्या गेमला. वेगावर उभा असलेला खेळ वेग अर्ध्या नंबरानं कमी झाला की कोसळतो. हेंद्राचा खेळ डोक्यावर उभा होता म्हणून चाळिशीपर्यंत टिकला.

मधली रेघ:

हे मात्र मानतो. एंदो-वातानाबेसमोर केविन वैतागायचा ते टीव्हीवरही दिसायचं. एरवी तो समोरच्याला डिवचायचा, हसून, टक लावून बघून, आणि समोरचा चिडला की अर्धं काम झालं. हे दोघं चिडायचेच नाहीत.

डिवचण्याबद्दल: पोरांनी तेही उचललंय. ते मला आवडत नाही. पण खोटं कशाला बोलू, बघायला मजा यायची.

गोरेगाव पूर्व:

चिराग शेट्टी आमच्या मुंबईचा, त्यामुळे या जोडीशी आमचं जुनं भांडण. फ्रेंच ओपन २०१९ ची फायनल आठवा, सात्त्विक-चिराग पहिल्यांदा एवढ्या मोठ्या फायनलला पोचलेले, आणि मिनियन्सनी २१-१८, २१-१६ नं हरवलं. मार्कुस-केविन ड्रॉमध्ये दिसले की आम्ही पुढचा विचारच सोडून द्यायचो.

टोकियोचं तर सांगूच नका. आपली जोडी गटात तीनपैकी दोन सामने जिंकली. त्यातला एक तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिनविरुद्ध, आणि ते पुढे सुवर्णपदक घेऊन गेले! तरी आपण गटातच बाहेर. का? गटात तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले, मग जिंकलेल्या-हरलेल्या गेमचा हिशोब लागला, आणि आपण मिनियन्सकडून १३-२१, १२-२१ असे सपाट हरलो होतो. त्या एका सामन्यानं आपल्याला घरी पाठवलं. सुवर्णविजेत्यांना हरवून घरी. मी त्या दिवशी ऑफिसात कुणाशी बोललो नाही.

म्हणून केविन मला आवडायचा नाही. पण तो महान नव्हता असं म्हणालो तर मग आपण कुणाकडून हरत होतो?

आणि २०२२ चा थॉमस कप (पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा) विसरू नका लोकहो. बँकॉकची फायनल, भारत विरुद्ध इंडोनेशिया. मार्कुसच्या घोट्याची शस्त्रक्रिया झालेली, म्हणून केविनबरोबर अहसान. पहिला गेम ते जिंकले, दुसऱ्यात त्यांच्याकडे मॅच पॉइंट होते. चिराग-सात्त्विकनी ते वाचवले आणि १८-२१, २३-२१, २१-१९. मग एकेरीत श्रीकांत जिंकला आणि आपण पहिल्यांदा थॉमस कप घेतला. समोर केविन होता म्हणून त्या २३-२१ ची किंमत आहे. दुसरा कुणी असता तर मी एवढा रडलो नसतो.

नेटमागचा:

गोरेगावकर, तुम्ही नकळत माझंच म्हणणं मांडलंत. थॉमस कपची फायनल, हातात मॅच पॉइंट, आणि हरला. पुन्हा मोठा दिवस, पुन्हा तेच.

गोरेगाव पूर्व:

काका, नवीन जोडीदाराबरोबर, चार-पाच पॉइंटच्या फरकानं, आयुष्यातला सर्वोत्तम खेळ खेळणाऱ्या जोडीसमोर. याला तुम्ही ‘तेच’ म्हणत असाल तर मग नमस्कार.

हाफकोर्ट:

टोकियोबद्दल एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. मार्च २०२० च्या ऑल इंग्लंडनंतर जग बंद झालं. जानेवारी २०२१ मध्ये थायलंडला स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा केविन कोविड पॉझिटिव्ह, जाता आलं नाही. मार्च २०२१ ला ऑल इंग्लंडला पोचले, तर विमानातला एक प्रवासी पॉझिटिव्ह निघाला म्हणून अख्ख्या इंडोनेशियन संघाला स्पर्धेतून काढलं. म्हणजे टोकियोच्या आधी जवळजवळ सव्वा वर्ष या जोडीनं एकही आंतरराष्ट्रीय स्पर्धा पूर्ण खेळलेली नाही. अर्ध्या सेकंदावर चालणारा खेळ (वर मधली रेघ यांनी लिहिलाय तो) सरावाच्या हॉलमध्ये गंजतो. त्यासाठी सामनेच लागतात.

पुढे डिसेंबर २०२१ च्या जागतिक स्पर्धेतूनही इंडोनेशियानं संघ मागे घेतला. आणि त्याच काळात, नोव्हेंबर २०२१ ला, हे दोघं बालीत इंडोनेशिया ओपन जिंकले होते, जपानच्या होकी आणि कोबायाशीला हरवून. म्हणजे फॉर्म परत आला होता, स्पर्धाच हातातून गेली.

योगायोग बघा, टोकियोत इंडोनेशियाला बॅडमिंटनचं सुवर्ण मिळालंच, ग्रेसिया पोली आणि अप्रियानी राहायू यांनी महिला दुहेरीत. तारीख २ ऑगस्ट. केविनचा सव्विसावा वाढदिवस.

सांगलीकर:

सबबी प्रत्येकाकडे असतात. कोविड सगळ्यांनाच होता.

हाफकोर्ट:

ऑल इंग्लंडमधून सगळ्यांना काढलं नव्हतं. सबब आणि कारण यांतला फरक सांगलीत शिकवत नाहीत वाटतं.

सांगलीकर:

सांगलीत हळद शिकवतात आणि मिरची मिरजेच्या पुढे. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय :)

पुण्याची पोर:

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

पण मला एक खरंच विचारायचंय. दुहेरीत ‘एकट्याची’ कारकीर्द असते का हो? आपण इथे केविन केविन करतोय, मार्कुस कुठे आहे? हेंद्रा मार्किस किदोबरोबर ऑलिंपिक जिंकला आणि मग अहसानबरोबर तीन वेळा जगज्जेता झाला. टोनी गुनावान तर तीन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर ऑलिंपिक आणि दोन जागतिक अजिंक्यपदं जिंकला, त्यातलं एक अमेरिकेकडून. केविनचं मार्कुसशिवाय काय आहे? २०२३ मध्ये रहमत हिदायतबरोबर खेळला, हाती काही लागलं नाही.

मधली रेघ:

धाग्यातला सगळ्यांत चांगला प्रश्न.

माझं उत्तर, मार्कुसला लोक विसरतात कारण तो दिसत नाही. केविन पुढे नाचायचा तेव्हा मागचं अख्खं कोर्ट एकटा मार्कुस सांभाळायचा. १६८ सेंटिमीटर उंचीचा माणूस, बेसलाइनच्या दोन्ही कोपऱ्यांत, प्रत्येक वेळी उडी मारून. गुडघे-घोटे जाणारच होते. त्यानं २०१३ मध्ये राष्ट्रीय शिबिर सोडलं होतं, बाहेर राहून मार्किस किदोबरोबर फ्रेंच ओपन जिंकला, मग परत आला. म्हणजे केविनच्या आधी त्याची स्वतःची गोष्ट होती.

केविनचं पुढचं धाडस मार्कुसच्या पायांवर उभं होतं. २०२२ ला ते पाय गेले आणि खेळ थांबला. मार्च २०२४ ला मार्कुस निवृत्त झाला, दोन महिन्यांनी केविन. मला त्या दोन तारखांत सगळं उत्तर दिसतं. केविन एकटा खेळाडू म्हणून हेंद्राच्या खाली, हे मी मान्य करतो. पण जोडी म्हणून? २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत या दोघांसारखं दुहेरी कुणी खेळलेलं मी तरी पाहिलं नाही.

बिनधास्त:

अहो सोपं आहे. केविननं अब्जाधीशाची मुलगी बायको केली, मग कशाला रोज सकाळी उठून पळायचं? सासरा टीव्ही चॅनेलांचा मालक. मीही निवृत्त झालो असतो.

हाफकोर्ट:

तुम्ही कशातून निवृत्त झाला असता?

कधीकाळी जाकार्ता:

@बिनधास्त, हा सूर इथे नको. सिपायुंगच्या राष्ट्रीय शिबिरात पोरं अठराव्या-विसाव्या वर्षी राहायला जातात, त्याआधी क्लबात. बाराव्या वर्षापासून ज्यानं घर पाहिलं नाही त्यानं अठ्ठाविसाव्या वर्षी घर मांडलं, तर त्यात सासऱ्याचे पैसे मोजण्याची गरज नाही. सोळा वर्षं नोकरी झाली त्याची. आपल्याकडे वीस वर्षांवर लोक व्हीआरएस घेतात तेव्हा हार घालतो आपण.

नेटमागचा:

बिनधास्त यांच्याशी मीही असहमत, नोंद असावी.

बाकी प्रतिसाद रात्री दोनदा वाचले. हाफकोर्ट यांचा कोविडचा हिशोब मला माहीत नव्हता, टोकियोबद्दलचं माझं बोलणं अर्धं मागे घेतो. बासेल आणि नानजिंगचं घेत नाही, तेव्हा कोविड नव्हता. पूर्ण फिट असताना, तीन जागतिक स्पर्धांत एकदाही उपांत्य फेरी नाही, याचं उत्तर इथे कुणीच दिलेलं नाही. मधली रेघ, तुम्हीही नाही.

मधली रेघ:

नाही दिलं, कारण नाहीये माझ्याकडे. बासेलची हार मी पाहिली होती, तिसरा गेम हातात होता. सिओ सुंग-जे पुढे २०२३ मध्ये पुरुष दुहेरी आणि मिश्र, दोन्हींत जगज्जेता झाला, तेव्हा वाटलं की बरं, निदान फालतू माणसाकडून नव्हता हरला. एवढंच.

नेटमागचा:

हे पटलं. काल रात्री यूट्यूबवर २०१८ ची ऑल इंग्लंड फायनल लावली, डेन्मार्कच्या बो आणि मॉगेनसनविरुद्धची. बो म्हणजे तोच, जो पुढे आपल्या सात्त्विक-चिरागचा कोच झाला. बायको म्हणाली, आवडत नाही ना हा मुलगा तुम्हाला, मग तिसऱ्यांदा तोच पॉइंट का बघताय?

हेंद्रा पहिला. यावर चर्चा नाही. दुसऱ्या नंबरवर कोण ते अजून ठरलेलं नाही.

फ्लिकसर्व्ह:

काका, रविवारी किती वाजता?

नेटमागचा:

सात. फुलं तुम्ही आणायची, मागच्या वेळचा अख्खा डबा तुम्हीच फोडलात पाठीमागून मारायच्या नादात.